आगीचा सराव आणि मालनबाई

बिस्किट कारखान्याचे मॅनेजर रणनवरे साहेब यांना आगीच्या सरावाचा भारी अभिमान. त्या दिवशीही घंटा झाली आणि तीन मिनिटांत माणसं मैदानात आली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, माईक घेतला आणि जाहीर केलं, "सगळे सुखरूप बाहेर!" टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

साहेब आत परतले, तर पॅकिंगच्या टेबलाशी मालनबाई शांत बसलेल्या. बाहेर आल्यावर हजेरी घ्या, असं त्या प्रत्येक सरावानंतर सांगायच्या आणि साहेब हसण्यावारी न्यायचे.

आता साहेब कडाडले, "बाई, खरी आग असती तर जळून मेला असतात!"

"मेलेच की, साहेब," मालनबाई म्हणाल्या. "तुमचं 'सगळे सुखरूप' मी इथूनच ऐकलं."

साहेबांनी पुन्हा घंटा द्यायला सांगितली. या वेळी ते हजेरीपट घेऊन बाहेर गेले.