ठमकी उंदरीचं थंडीचं अंथरूण

शेताच्या बांधात एक बीळ. बिळात राहायची उंदरी. तिचं नाव ठमकी. तिला एकच पिल्लू. एवढुस्सं. गुलाबी. डोळेसुद्धा न उघडलेलं.

ऋतू बदलला की ठमकीचं घर बदलायचं. उन्हाळ्यात घरात वाळ्याची मुळं. गार गार! पावसाळ्यात दाराशी मातीचा उंबरा. पाणी बाहेरच! आणि दसरा जवळ आला की अंथरूण उन्हात. ओल जाते, लेकरू शिंकत नाही.

त्या दिवशी ठमकीनं अंथरूण बांधावर पसरलं. सुकं सुकं गवत. मग गेली आत, घर झाडायला. सुप सुप, सुप सुप.

बाहेर येते तर काय? शेळी! मचमच, मचमच.

"अगं बाई! माझं अंथरूण!"

"अंथरूण होय?" शेळी म्हणाली. "मला वाटलं, कुणी ताट वाढून ठेवलंय." आणि तिनं ढेकर दिला.

वर सूर्यही ढगाआड गेला. घरात नुसती गार जमीन. पिल्लू कुडकुडलं. कुडकुड, कुडकुड.

"माझंच चुकलं," ठमकी म्हणाली. "राखण न करता कुणी अंथरूण टाकतं का? दिवस मावळला की थंडी. माझ्या बाळाचं कसं होणार?"

ठमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कापूसताई, कापूसताई, पिल्लू कुडकुडतंय. बोंड उघड ना!"

"कशी उघडू? ऊन पडलं की उघडीन."

ठमकी ढेकळावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सूर्यदादा, सूर्यदादा, बोंड उघडत नाही, पिल्लू कुडकुडतंय. ऊन पाड ना!"

"कसं पाडू? ढग सरकला की पाडीन."

ठमकीनं मान आणखी वर केली.

"ढगोबा, ढगोबा, ऊन पडत नाही, बोंड उघडत नाही, पिल्लू कुडकुडतंय. सरक ना!"

"कसा सरकू? वारा सुटला की सरकेन."

वारा पिंपळाखाली लोळत होता. ठमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले.

"वारेबुवा, वारेबुवा, ढग सरकत नाही, ऊन पडत नाही, बोंड उघडत नाही, पिल्लू कुडकुडतंय. सुटा ना!"

"कसा सुटू? पिंपळ सळसळला की सुटेन."

"पिंपळआजोबा, पिंपळआजोबा, वारा सुटत नाही, ढग सरकत नाही, ऊन पडत नाही, बोंड उघडत नाही, पिल्लू कुडकुडतंय. सळसळा ना!"

"कसा सळसळू, पोरी? वानरीण उडी मारील तर सळसळेन."

वानरीण फांदीवर बसली होती. ठमकी खोडावर चढली. तुरु... तुरु... दम लागला. दिवस कलला.

"वानरमावशी, वानरमावशी, पिंपळ सळसळत नाही, वारा सुटत नाही, ढग सरकत नाही, ऊन पडत नाही, बोंड उघडत नाही, पिल्लू कुडकुडतंय. उडी मार ना!"

"शूऽऽ! लेकरू आत्ता निजलंय. कशी मारू? तूही आईच ना गं?"

दुसरीचं लेकरू कसं उठवायचं? ती हळूच खाली उतरली. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नाही. बिळात बाळ एकटं. गार गार.

ठमकी मुळाशी बसली. तोंडावर पंजा धरला. रडू काही थांबेना. चीं चीं चींऽऽऽ!

वानरिणीचं लेकरू जागं झालं. "आई, कोण रडतंय?" बघायला निघालं. टुणुक टुणुक!

"अरे, पडशील ना!" वानरिणीनं त्याच्यामागं उडी मारली. धप्प!

पिंपळ सळसळला. सळसळ, सळसळ!

वारा सुटला. सूंऽऽऽ!

ढग सरकला. सर्रर्र!

ऊन पडलं. पिवळं पिवळं.

बोंड उघडलं. फट्ट!

"ने गं बाई, ने," कापूसताई म्हणाली. "घर भरून ने."

ठमकी धावली. एक घास कापूस, दोन घास कापूस, तीन घास कापूस. खाली कापूस, वर कापूस, मधे पिल्लू.

कुडकुड थांबली.

ठमकीनं पिल्लाच्या पोटाला पंजा लावला. गरम. परत लावला. गरम. अजून एकदा लावला. गरमच. मग कुठं तिचे डोळे मिटले.

गोष्ट शिरली कापसात, तुम्ही शिरा गोधडीत.