काजळीने निवडलेला उस्ताद

म्हशींना अजून गोठे ठाऊक नव्हते, त्या काळची गोष्ट. बिबट्याने धाकटीला नेलं, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीने, काजळीने, ठरवलं की आता लढायला शिकायचंच.

कळपातला म्हातारा रेडा म्हणाला, "माझ्याकडे ये, पोरी. पाय रोवायचे, मान खाली घालायची आणि सगळं अंग शिंगांमागे टाकायचं. बस्स, एवढंच."

"ही कसली विद्या?" काजळीने नाक मुरडलं. तिच्या डोळ्यांत मुंगसाच्या उड्या भरल्या होत्या.

मुंगसाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शिकवीन की. पण बाई, आधी हे धूड उतरवा."

काजळीने पोटभर चरणं सोडलं. उन्हाळाभर ती उड्या मारत राहिली. तिच्या बरगड्या दिसू लागल्या, तसतसं मुंगूस खूश होत गेलं.

मग एका संध्याकाळी बिबट्या आला. काजळीने डावीकडे उडी घेतली, उजवीकडे घेतली. पुढच्या उडीला त्याने तिला आडवी पाडली. मुंगूस केव्हाच बिळात शिरलं होतं.

"मागच्या खेपेला मी तुझ्यावरच टपलो होतो," तिच्या मानेवर पंजा दाबत बिबट्या म्हणाला. "पण तुझं ते धूड मला पेललं नसतं. म्हणून धाकटीला धरलं."