बागसाहेबाचं आळं

दिवा लागला, हात जोडून झाले. आता आमच्या सोनवडीच्या बागसाहेबाचं ऐका.

फार वर्षांपूर्वी, गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा, आमच्या लहानशा संस्थानात विलायतेहून एक साहेब आला. नाव त्याचं हॅलम. पण बागा मांडणं हेच काम, म्हणून सगळे त्याला बागसाहेब म्हणत. ठिकठिकाणच्या राजांच्या बागा त्यानं उभ्या केल्या होत्या. असं म्हणतात, त्यानं आखणीसाठी सुकी काठी रोवली, तरी तिला पालवी फुटायची.

आमच्या महाराजांना बागेच्या अगदी मधोमध कारंजं हवं होतं, लाटसाहेब पाहायला यायचा होता ना! पण मधोमध उभा होता जुना आवळा.

महाराज म्हणाले, "झाड काढा. जमत नसेल तर तुम्ही निघा."

साहेबाला ना बायको, ना घरदार. ही बाग सुटली तर या वयात जायचं कुठे? त्यानं कुदळ घेतली आणि झाड मुळासकट काढायला आवळ्याभोवती गोल चर खणू लागला.

तो दिवस नेमका कार्तिकातल्या आवळीभोजनाचा. नैवेद्य घेऊन बायका आल्या, साहेबाला पाहून थबकल्या, आणि हरखल्याच.

"अगबाई, आळं करतोय!" म्हाळसाकाकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांना वर्षभर सांगतेय, आवळ्याला आळं करा म्हणून. ढिम्म हलतील तर शपथ!"

बायकांनी त्याच्या कुदळीला हळदकुंकू वाहिलं. साहेबाला मराठी कळत होतं. खरं सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तोच "बैस रे बाबा, दमलास," म्हणत काकूंनी पान मांडलं. किती वर्षांत त्याला असं कुणी बसवून वाढलं नव्हतं. खरं सांगायचं तसंच राहिलं, आणि तो जेवला.

तेवढ्यात महाराज आले. "झाड अजून उभंच?"

"महाराज, याच्या सावलीत जेवलो. खाल्ल्या मिठाला जागायला हवं. झाड राहू दे, मी निघतो."

निघताना त्यानं घागरभर पाणी चरात ओतलं. असं म्हणतात, ते मुरलंच नाही. वाढतच गेलं, आणि तळातून झरा असा उसळला की वरच्या फांद्यासुद्धा न्हाऊन निघाल्या!

महाराज झऱ्यापाशी आले. मग त्यांनी जोडे काढले. "साहेब, कारंजं तर झालं. आता जाता कुठे?" आणि बायकांकडे वळून म्हणाले, "आम्हालाही एक पान वाढा."

साहेब राहिला. बागेतल्या सगळ्या वाटा त्यानं आवळ्याला वळसा घालून नेल्या. म्हातारा होऊन तो इथेच गेला. असं म्हणतात, त्या दिवशी भर वैशाखात आवळा फळांनी लगडला होता.

आजही आवळीभोजनाला आम्ही बायका आधी हातानं आळं उकरतो, पाणी घालतो, आणि पहिलं पान साहेबाचं मांडतो. भाजीत मिरची बेतानंच घालायची; परमुलखातलं लेकरू ते. पानाभोवती पाणी फिरवून म्हणायचं, "जेव रे बागसाहेबा, सावकाश."

मग आपण जेवायचं.