बगलेला चिरलेला टायर

लई वर्षं झाली या गोष्टीला. घाटाच्या पायथ्याशी दस्तगीरचाचांचं पंक्चरचं दुकान होतं. तिथं एका मोटारीचा टायर आला, बगलेला चिरलेला.

"चाचा, ठिगळ लावा," टायर म्हणाला. "माझे तिघं भाऊ गाडीखाली थांबलेत. मला टाकू नका."

चाचांनी हवा भरून त्याला पाण्यात बुडवलं. चिरेतून भडाभडा बुडबुडे आले.

"तळव्याला, रस्त्याला टेकतोस तिथं, खिळा असता, तर लावलं असतं बाबा," चाचा म्हणाले. "बगलेला ठिगळ टिकत नाही. गाडीत बाळंतीण हाय, आणि पुढं घाट."

टायरानं गाडीतल्या बाळंतिणीकडं बघितलं. मग म्हणाला, "नवा घाला. त्याला सांगा, तिसऱ्या वळणावर खड्डा हाय, जपून जा."

गाडी गेली. चाचांनी टायरावर चुन्यानं 'पंक्चर' लिहिलं आणि त्याला रस्त्याकडंच्या बाभळीला टांगलं.

वर्षभरानं तीच गाडी लंगडत आली. लांबूनच टायर दिसला, म्हणून थांबली. आईच्या कडेवरून पोर त्याच्याकडं बघत होतं.

"अरे, तू हायेस होय अजून?" गाडीखालून एक भाऊ म्हणाला.

"हाय की. तुला कुठं लागलंय?"

"तळव्याला."

"मग घाबरू नको," टायर म्हणाला. "चाचा बघतील."