बोटभर अंतर

"मग आता आणखी काय सोडू, आक्का?"

कुमुदिनीच्या आवाजात आर्जव कमी, तोराच जास्त. का नसावा? नवरा गेल्यापासून नऊ वर्षांत तिनं गोड सोडलं, गादी सोडली, केसांना तेल लावणं सोडलं. लोक म्हणत, बाई असावी तर अशी! वर आक्कांकडून तंत्राची दीक्षा घेऊन रोजची साधना एक दिवस चुकवली नव्हती. आणि एवढं करून हाती काय? हसू म्हणून येत नव्हतं. आतून सगळं कोरडं ठाक.

आक्का सुपारी कातरत होत्या.

"सोडायचं नंतर बघू. न्यास करून दाखव."

न्यास म्हणजे मंत्र म्हणत आपल्याच अंगाला हात लावायचा आणि एकेका ठिकाणी देवीला बसवायचं. कुमुदिनीला तो तोंडपाठ. कपाळ, डोळे, गळा, छाती... झरझर उरकला.

"पुन्हा."

पुन्हा केला.

"बोटं कुठं लागली गं तुझी?"

कुमुदिनीनं खाली पाहिलं. बोटं छातीपासून बोटभर लांब, हवेतच थांबली होती.

"सगळे असाच करतात," ती फणकारली.

"सगळ्यांचं राहू दे. तू लाव हात."

"आता या अंगाला कशाला..." तिनं पदर ओढून घेतला.

"नऊ वर्षं देवीला बोलावतेस आणि दारातच उभी ठेवतेस, होय गं?"

...

तिनं हात छातीवर टेकवला. पदराखाली ऊब होती. धडधड होती. मेली अजून चालूच होती! कुमुदिनीला रडू कोसळलं, आणि रडता रडता संताप आला. नऊ वर्षं आपल्याला शाबासकी देणाऱ्या एकूण एक माणसाचा संताप.

तेवढ्यात नैवेद्याचं ताट घेऊन सोनाबाई आल्या. मठातल्या सगळ्यांत जुन्या, सोवळ्याच्या कडक. नैवेद्याच्या वेळी कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा दंडकही त्यांचाच. ताटात सांज्याची पोळी, वर तुपाची धार.

आक्कांनी ताट घेतलं. देव्हाऱ्याकडे निघाल्या... आणि वळून ते कुमुदिनीपुढं ठेवलं.

"अगंबाई! देवीच्या आधी? आणि तेही हिला?"

कुमुदिनीचा हात आखडला. नऊ वर्षांत कमावलेलं नाव एका घासात जाणार होतं.

जाऊ दे मेलं!

तिनं सोनाबाईंच्या डोळ्यांत बघत पोळी मोडली, तुपात बुडवली, तोंडात घातली. गोड लागली. इतकी गोड लागली की भरल्या तोंडानंच तिला खुदकन हसू फुटलं.

"आक्का, अहो अनाचार आहे हा!" सोनाबाईंचा आवाज टिपेला गेला.

आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, सोना. देवी जेवतीय."