गप्प बसणारी भिवरी

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-आमच्या पणजोबांचे पणजोबाही पाळण्यात नव्हते तेव्हा, एका राज्यात काळ्या दगडाची खाण होती. राजाचा किल्ला त्याच दगडाचा, देवळं त्याच दगडाची. दगड फोडणाऱ्यांच्या झोपड्या मात्र कुडाच्या. जगाची रीतच ती, काय बोलावं!

आयाबाया दिवसभर घण घालायच्या आणि त्यांची लहानगी तिथंच धुळीत बसलेली असायची. वरून मोठा दगड सुटणार असला की मुकादम थाळी वाजवी. थाळी वाजली की जिथं आहोत तिथंच उभं राहायचं, हलायचं नाही, चकार शब्द काढायचा नाही. दगड कुठून येतोय ते आधी कानांनी ओळखायचं आणि मगच बाजूला व्हायचं.

भिवरीचा थोरला भाऊ एकदा थाळी वाजल्यावर घाबरून आईकडे धावला, आणि तेवढ्यात दगड आला. तेव्हापासून आईनं भिवरीला एकच धडा दिला, गप्प बस. पोर तो धडा इतका पक्का शिकली की हसेना, बोलेना, लागलं तरी रडेना. लोक म्हणत, किती गुणाची पोर! मी म्हणतो, पाच वर्षांचं लेकरू रडत नसेल तर त्याचं कौतुक कसलं करता? काळजी करा.

काळजी केली ती एका म्हातारीनं. दुरपाआजी तिचं नाव. कंबर वाकल्यामुळे तिला घण झेपेना, म्हणून ती चिंचेखाली बसून असे. एक दिवस भिवरीचा अंगठा ठेचला. रक्त वाहत होतं आणि डोळे मात्र कोरडे ठणठणीत. आजीनं तिला उचलून मांडीवर घेतलं.

"रड की गं बाई," ती म्हणाली. "माझ्यापाशी रडलं तर काही पडत नाही अंगावर."

भिवरीनं बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं असं काही भोकाड पसरलं की चिंचेवरचे कावळे उडाले. आजीनं तिला उगी केलं नाही. पाठीवरून हात फिरवत राहिली आणि अंगठ्यावर हळद दाबली.

आई धावत आली ती संतापूनच. एक लेकरू गेलंय, हिला बोलायची-पळायची सवय लावलीस तर हीही जाईल, असं म्हणून ती रडायलाच लागली. आजीनं तिलाही शेजारी बसवलं. "खाणीत गप्प राहू दे तिला," ती म्हणाली, "पण खाणीबाहेर तरी तिचा आवाज तिला परत दे."

आईनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून आजी सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना टेकडीपलीकडच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणीपाशी नेऊ लागली. काठावर लांब बसवायची. मग सगळ्यांनी मिळून एकाच्या नावानं हाक मारायची, डोंगर तेच नाव परत द्यायचा आणि त्या पोरानं उठून "आलेऽ" किंवा "आलोऽ" म्हणायचं. पहिले काही दिवस भिवरी नुसती ओठ हलवायची. पुढे तिचाच आवाज सगळ्यांत मोठा झाला. अक्षर आजीलाच येत नव्हतं, ती कुठून शिकवणार? पण चिंचोके मोजणं, गाणी, कोडी, गोष्टी, रुसवे काढणं, सगळं तिथं चाले.

दसरा आला. राजाची पाठशाळा सगळ्यांना खुली होती, पण त्याच दिवशी मुलानं पंतोजींसमोर आपलं नाव सांगायचं आणि काहीतरी येतं ते म्हणून दाखवायचं. खाणीची पोरं दरवर्षी मुकी उभी राहत. पंतोजी मनानं वाईट नव्हते, घाईत मात्र असत. खाणीतल्यांच्या डोक्यातही दगडच, असं म्हणून ते पोर परत पाठवत. परत आलेल्या पोराच्या डोक्यावर दुसऱ्या दिवशी खडीची पाटी चढे, ती जन्मभरासाठी.

भिवरीची पाळी आली. तिनं उंबरा ओलांडला आणि तिचं येणं कळवायला पहारेकऱ्यानं रीतीप्रमाणे थाळी वाजवली.

भिवरी जागच्या जागी थिजली. पंतोजींनी नाव विचारलं. पुन्हा विचारलं. ती हूं की चूं करेना. शेवटी त्यांनी तिला घेऊन जायची खूण केली.

भिंतीबाहेर बाकीच्या पोरांना घेऊन उभ्या असलेल्या आजीचेही पाय थाळीसरशी जमिनीला खिळले होते. तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. अगं बाई, इतकी वर्षं आपली पोरं ह्या थाळीपायी परत आली! तिनं सगळं बळ एकवटलं आणि हाक मारली, "भिवरीऽ!" मागोमाग सगळ्या पोरांनी जुन्या खाणीपाशी मारायची तशीच हाक मारली. पाठशाळेच्या भिंती घुमल्या.

"आलेऽ!" आतून खणखणीत उत्तर आलं.

मग भिवरीनं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, चिंचोक्यांचा हिशेब सांगितला आणि कावळ्याची गोष्ट अशी रंगवली की पंतोजी पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग मघाशी का गं बोलली नाहीस?"

"थाळी वाजली की हलायचं नसतं," भिवरी म्हणाली. "दादा हलला होता."

पंतोजींचे डोळे भरून आले. ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ती थाळी खुंटीवरून उतरवली. बाहेर जाऊन त्यांनी आजीला हात जोडले आणि खाणीच्या एकेका पोराला नावानं हाक मारून आत बोलावलं. एकही परत गेलं नाही.

राजाच्या कानावर हे गेलं. त्यानं राज्यातल्या प्रत्येक खाणीपासून दूर, सावलीत, लेकरांसाठी मांडव घातला आणि तिथं एकेक मायाळू आजी नेमली. पाठशाळेतली थाळी वितळवून तिची घुंगरं केली. पुढच्या दसऱ्याला खाणीची पोरं ती पायात बांधून वाजतगाजत पाठशाळेत शिरली, आणि सगळ्यांत पुढे नाचत होती ती भिवरी. तिची आई गर्दीतून तिचं नाव घेऊन ओरडत होती, अगदी घसा बसेपर्यंत.

तात्पर्य: ज्या लेकराचं रडणं कुणीतरी मायेनं ऐकून घेतं, त्याचं बोलणं पुढे सगळ्या जगाला ऐकावं लागतं.