अकरा घरांचं पाणी

“प्यायला पाणी कुठलं वापरता?”

मृण्मयीने सतरावा प्रश्न वाचला आणि मान वर न करता पेन टेकवून थांबली.

“देवळामागल्या विहिरीचं,” गोमतीआय म्हणाली.

“रोज?”

“तहान रोजच लागते, बाय.”

इरफान हसला. मृण्मयी हसली नाही. तिने कागदावरच्या चौकोनात खूण केली.

गोमतीआय म्हणजे तिवरपाड्याची सुईण. पंचाहत्तरी ओलांडलेली, कंबरेत वाकलेली. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

मृण्मयी देवस्थळी पुण्याहून आली होती. पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी, विद्यापीठात पहिली. तिचा प्रबंध या गावावर होता. इरफान मुजावर तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. नमुन्यांच्या बाटल्या उचलायला सोबत आलेला. गाव असं तो पहिल्यांदाच पाहत होता.

तीन वर्षांपूर्वी तिवरपाड्याच्या पाठीमागून जाणारी तेलाची नळी फुटली. नऊ दिवस तेल शेतांतून खाडीत उतरत राहिलं. काठावरच्या तिवरांच्या झाडांची मुळं काळी पडली. अजूनही चिखलात पाय घातला की पावलाच्या खड्ड्यात मोरपंखी तवंग गोळा होतो. शिवल्यांचे शिंपले संपले, निवट्या मासे संपले. खाडीकाठचं गाव बाजारातून मासळी आणू लागलं.

“पाण्यात राकेल उतरलंय असं वाटतं मला,” गोमतीआय म्हणाली. “सकाळच्या पहिल्या घागरीला वास येतो.”

“राकेल नाही, आजी. हायड्रोकार्बन म्हणतात त्याला. आणि नुसत्या वासावरून काही ठरत नाही.”

“मग कशावरून ठरतं?”

“तपासणीवरून.”

“तपासणी झाली?”

मृण्मयीचं पेन थांबलं.

“आम्ही नमुने नेतोय ना.”

“याच्या आधी दोनदा नेले. तुमच्यासारखीच पोरं होती. गोड बोलणारी. त्याचं काय झालं?”

“ते... अजून चालू असेल काम.”

एवढं बोलून तिने अठरावा प्रश्न वाचला.

सगळे प्रश्न संपले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. चैत्राचे दिवस. गोमतीआय गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि दोन पेले पाणी नि गुळाचे खडे घेऊन बाहेर आली.

“मला नको, आजी. आत्ताच प्यायले मी.”

तिचे ओठ सुकलेले होते. पिशवीत तिची स्वतःची बाटली होती.

इरफान सकाळपासून चिखलात फिरून आला होता. “द्या, द्या,” म्हणत त्याने पेला घेतला, गूळ तोंडात टाकला आणि पेला ओठांशी नेला.

मृण्मयीने त्याच्या हातावर फटका मारला.

पेला सारवलेल्या अंगणात पडला, घरंगळत तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेला. पाणी जमिनीत जिरलं.



“काय झालं?” इरफानने विचारलं.

“माशी. माशी पडली होती त्यात.”

गोमतीआय वाकली. तिने पेला उचलला, आत पाहिलं, पदराने पुसला.

“माशी नव्हती,” ती म्हणाली.

मृण्मयी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

“पोराला वाचवलंस. चांगलं केलंस.” गोमतीआयच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “कवापासून ठाऊक हाय तुला?”

“आठ महिने.”

“कुणी सांगितलं?”

“अहवालात आहे. पहिल्या मुलांनी पाणी नेलं होतं ना, त्याचा. दोन वर्षांपूर्वीच आला तो. त्यात गावाचं नाव नाही. विहिरीला नुसता नंबर दिलाय.”

“पण तुला नंबर कळला.”

“हो.”

“मग आल्याबरोबर बोलली का नाय?”

सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. परवानगी, कार्यालय, प्रबंधाचे सर, पद्धत. मृण्मयीने एकेक मनात घेतलं आणि ठेवून दिलं.

“तुम्ही पाणी बदललं असतं,” ती म्हणाली.

“मग?”

“मग तुलना करता आली नसती. तुमच्याबरोबर हे पाणी पिणारी आणखी अकरा घरं एका बाजूला, न पिणारी दुसऱ्या बाजूला... अशी मोजणी अजून एक वर्ष करायची आहे. सांगितलं असतं तर माझा अभ्यास बिघडला असता.”

हे वाक्य तिने इंग्रजीत अनेकदा लिहिलं होतं. सरांनी त्याच्या समासात बरोबरची खूण केली होती. इंग्रजीत ते शास्त्रीय वाटायचं. आज ते मराठीत तोंडातून बाहेर पडलं आणि तिलाच ऐकवेना.

इरफान तिच्याशेजारी ओटीवर बसला होता. तो उठला आणि खांबापाशी जाऊन उभा राहिला.

दारात हालचाल झाली. गोमतीआयची नातसून वनिता चौकटीला धरून उभी होती. सातवा महिना असावा. तिने सगळं ऐकलं होतं.

मृण्मयीने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि प्रश्नांचे कागद मांडीवर उलटे ठेवले.

“ही नाय पीत,” गोमतीआय म्हणाली. “हिच्यापुरती एक घागर मी वरच्या वाडीच्या नळावरनं आणते. टेकाड चढून.”

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“मला वास ठाऊक. पहिल्या खेपेची पोरं आली, ती पाणी मागून मागून प्यायली. दुसऱ्या खेपेची आली ती आपल्या पिण्याच्या पाण्याच्या बंद बाटल्या घेऊन. तवाच मनात आलं, यांना कायतरी कळलंय.”

“गावाला सांगितलं नाहीत?”

“घरोघर सांगितलं. म्हातारीच्या नाकावर कोण इश्वास ठेवतो? म्हणाले, पाणी वाईट असतं तर शिकलेली माणसं बोलली नसती का?”

दूर खाडीवर एक बगळा ओरडला.

“म्हणून तुम्ही आम्हाला पाणी दिलंत? बघायला?”

“पाहुण्याला पाणी देतातच, बाय. मी नुसती बघत होते.”

“आणि तुम्ही? तुम्ही कुठलं पिता?”

“दुसरी घागर चढत नाय आता डोक्यावर.”

मृण्मयी खाली वाकली. तिने म्हातारीचे पाय धरले. तिला रडू येत होतं. गोमतीआयने पाय मागे घेतले.

“सोड. पाय धरून बसलीस तर घरं कोण फिरेल? अकराच हायेत. दिवस मावळायच्या आत होतील.”

“मला सरांना विचारावं लागेल...”

गोमतीआयने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

मृण्मयीने हातातला फोन पिशवीत ठेवला.

“मी कसं सांगू त्यांना?”

“त्या पोराच्या हाताला फटका मारलास ना? तसं सांग.”

पहिल्या घरी ती बराच वेळ बोलली. प्रमाण, मर्यादा, दीर्घकाळचे परिणाम. घरातली बाई मान डोलावत राहिली. “बरं, बरं,” म्हणाली आणि उन्हातून आलेल्या पोरीपुढे तिने पाण्याचा तांब्या ठेवला.

मृण्मयी त्या तांब्याकडे बघत राहिली. गोमतीआय अंगणात उभी होती.

दुसऱ्या घरी मृण्मयी उंबऱ्यातच थांबली.

“देवळामागच्या विहिरीचं पाणी पिऊ नका. त्यात तेल उतरलंय. मला आठ महिन्यांपासून माहीत होतं.”

शेवटचं वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. ते आलं. मग पुढच्या प्रत्येक घरी तिला ते म्हणावंच लागलं.

तिसऱ्या घरातल्या बाईने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि भातासकट उकिरड्यावर ओतून आली. चौथ्या घरी कुणी नव्हतं. तिथं आणि पहिल्या घरीही परत यावं लागलं.

पाचव्या घरी चांगो म्हात्रे नावाचे आजोबा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आठ महिने म्हणालीस?”

“हो, आजोबा.”

“ही अंगावरच्या दुधावरनं सुटली आणि या पाण्यावर आली, त्याला आठ महिने झाले.”

त्यांनी तिला जवळ ओढलं. नातीचं तोंड धोतराच्या सोग्याने पुसत राहिले, पुसत राहिले. तोंडाला काही लागलेलं नव्हतं.

सातव्या घरच्या तरुणाने फाटक उघडलंच नाही. “पुढच्या वेळी कॅमेरा घेऊन या,” तो म्हणाला. “लाज वाटते असं म्हणताना छान दिसाल.”

नवव्या घरच्या माणसांना ते खरंच वाटलं नाही. त्यांनी तिला प्रेमाने बसवलं. चहा टाकतो म्हणाले. कुठल्या पाण्याचा, ते तिने विचारलं नाही. हात जोडून ती उठली.

इरफान मागे चालत होता. सकाळी तो प्रत्येक चढावर तिची पिशवी मागून घेत होता. आता त्याने ती मागितली नाही.

अकरावं घर गावाच्या टोकाला, खाडीच्या बांधाला लागून होतं. तिथं गोमतीआय थांबली.

“या घरात मी येत नाय.”

“का?”

म्हातारी कुंपणाच्या काठीला धरून उभी राहिली. चालून तिला धाप लागली होती.

“पारू राहते इथं. दिवाळीत तिचं बाळ पोटातच गेलं. माझ्याच हातावर आलं... आलं ते गारच.” तिने श्वास घेतला. “घरोघर सांगितलं असं मी म्हणाले ना तुला? हिच्या सासूला सांगितलं. सासू हसली. मी गप बसले. मी एकच घागर आणते, बाय. ती माझ्या घरी जाते.”

मृण्मयी तिच्याकडे बघत राहिली. दिवसभरात पहिल्यांदा म्हातारीने मान खाली घातली होती.

पारू पडवीत जाळं विणत बसली होती. खाडीत मासळी नव्हती, तरी हात चालू होते. वय तेवीस-चोवीस, म्हणजे मृण्मयीएवढंच.

मृण्मयीने तीच तीन वाक्यं सांगितली.

पारूचे हात थांबले.

“त्यानंच का?” तिने विचारलं.

कशाने, काय, हे तिने म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

मृण्मयीने तोंड उघडलं. अहवालाची चौऱ्याण्णव पानं तिला जवळजवळ पाठ होती. त्यातल्या एकाही पानावर हे उत्तर नव्हतं. ‘नाही’ म्हणता आलं असतं. ‘हो’ म्हणता आलं असतं. दोन्ही उत्तरं खोटी ठरली असती.

“माहीत नाही.”

“मग कुणाला माहीत हाय?”

“अजून... कुणालाच नाही.”

पारूने जाळ्याची गाठ बोटात धरून ठेवली.

“तुमी येऊन सांगितलं असतं तर मी वरच्या वाडीला गेले असते. पोट घेऊन गेले असते. टेकाड काय मोठं नाय ते.”

आवाज चढला नाही. डोळे भरले नाहीत. तिने गाठ ओढून घट्ट केली आणि पुढची घातली.

पारूने पुन्हा वर पाहिलं नाही. मग मृण्मयी बाहेर आली.

परतताना ऊन कललं होतं. देवळामागे विहिरीपाशी पाच-सहा माणसं जमली होती. दोघं रहाटाचा दोर सोडवत होते. तिसरा त्यांना अडवत होता. “दोर काढून काय होणार? उद्या सकाळी पोरं तहानली की काय दाखवाल त्यांना?” आवाज वाढत चालले होते. मृण्मयी जवळून गेली तेव्हा सगळे गप्प झाले आणि त्यांनी तिला वाट दिली. त्या वाटेवरून चालणं तिला सगळ्यात जड गेलं.

बांधावर विद्यापीठाची जीप आली होती. इरफानने बाटल्यांचा खोका मागच्या बाजूला ठेवला. मृण्मयीची पिशवी त्याने खाली, रस्त्यावरच राहू दिली.

गोमतीआय आपल्या ओटीवर बसली होती. मृण्मयी तिच्यासमोर अंगणात खाली बसली.

“अकरा झाली.”

“हं.”

“पारूला मी उत्तर देऊ शकले नाही.”

“ऐकलं मी. कुंपणापाशीच होते.”

“आय...” दिवसभर ती ‘आजी’ म्हणत होती. आता तोंडात आपोआप ‘आय’ आलं. “तिला मी काय सांगायला हवं होतं?”

म्हातारीने खाडीकडे पाहिलं. खाडीला भरती लागली होती. पाणी तिवरांच्या मुळांत सावकाश चढत होतं...

जीपचा भोंगा वाजला. एकदा. मग लांबलचक, दुसऱ्यांदा.

मृण्मयी उठली नाही.

“ती उद्या परत विचारील,” गोमतीआय म्हणाली. “तवा तू कुठं असशील?”